रायफल माझ्याकडे आहे, म्हणून सांगतो

बिबट्याने कुठे माणूस मारला की चार दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते: शेतकऱ्यांना बंदुकीचे परवाने द्या, बाकीचं आम्ही बघतो. ग्रामसभेत येते, रास्ता रोकोत येते, पुढाऱ्याच्या भाषणात तर टाळ्यांसाठीच येते. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात बसायला वेळ लागतोय) हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बोलणारा कुठे थांबणार आणि कुठे आवाज चढवणार हेसुद्धा आधी कळतं. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याने हे म्हटलं तर त्याच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. माझा वाद बाकीच्यांशी आहे, म्हणजे ज्यांनी आयुष्यात रायफल हातात धरलेली नाही आणि तरी ती बिबट्यावरचं औषध आहे असं छातीठोक सांगतात त्यांच्याशी.

माझ्याकडे रायफल आहे. ३१५ बोअरची, बोल्ट अ‍ॅक्शन, इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. आजोबांची होती, ते गेल्यावर वारस म्हणून माझ्या नावावर झाली. मी इंजिनिअर, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, आणि गेली काही वर्षं राहुरी तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरूनच काम करतो. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस आहे. बिबट्याचे ठसे मी पाहिलेत, आमचं एक कुत्रं त्याने नेलंय. त्यामुळे पुढचं सगळं पुण्यातल्या गॅलरीत चहा पीत लिहिलेलं नाही, एवढं सुरुवातीलाच नोंदवतो.

आधी वस्तूबद्दल. कारण या वादात वस्तूबद्दल कुणीच बोलत नाही.

ही रायफल मला आवडते. आवडण्याचं पहिलं कारण तिचा बोल्ट. ज्या ली-एनफील्ड रायफलीने ब्रिटिश फौजेने दोन महायुद्धं लढली, त्याच जातीची ही यंत्रणा. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. उचलायचा कोन लहान, त्यामुळे हात फार फिरत नाही. मागे ओढताना रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलताना नवीन आत जातं, आणि याच पुढे ढकलण्याच्या शेवटच्या टप्प्यात आतली स्प्रिंग ताणली जाऊन रायफल सज्ज होते. बऱ्याच इतर रायफलींत ही ताण दांडी उचलतानाच द्यावी लागते, म्हणून ती उचलायला जड लागते. इथे सगळं गुळगुळीत. दिवसभर मी ज्या यंत्रांवर काम करतो त्यांच्या आत काय चाललंय ते मला पूर्ण कधीच दिसत नाही. दहा लायब्रऱ्यांच्या खाली अकरावी असते. इथे बोल्ट काढून टेबलावर ठेवला की सगळं समोर. कुठला भाग कशासाठी, तो झिजला तर काय होईल, हे बोट लावून दाखवता येतं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी शांत डोक्याने विचार केलाय हे जाणवतं.

दुसरं आवडतं ते तिचं साधेपण. पाच काडतुसांची मॅगझिन, लाकडी दस्ता, उघड्या लोखंडी साइट्स. चिखल, धूळ, ओल याचं तिला फार वावडं नाही. नीट पुसून, तेल लावून ठेवली तर नातवालाही पुरेल. मी त्याचा पुरावा आहे. काडतुसांच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं असत, ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे आपल्या खडकीची. आजोबांच्या डब्यातली जुनी पितळी केसिंग्ज मी अजून ठेवलीत.

आता नावडतं. ही यादी लांब आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

काडतुसाला बुडाशी कडा आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे यायला हवी. उलट बसली तर बोल्ट पुढे ढकलताना वरचं खालच्याला अडकतं आणि रायफल मध्येच रुसते. दिवसाउजेडी, टेबलावर, चष्मा लावून भरताना हे सांभाळता येतं. रात्री, बॅटरी तोंडात धरून, हात थरथरत असताना करून बघा. दुसरं, साइट्स. नळीच्या टोकावरचा उंचवटा मागच्या खाचेत बसवून तो लक्ष्यावर ठेवायचा, हे वाचायला सोपं आहे. अंधार पडला की उंचवटाही दिसत नाही आणि खाचही दिसत नाही. दुर्बीण बसवायची सोय मुळात दिलेली नाही. बसवायची तर कारागिराकडून भोकं पाडून घ्या, आणि असा भरवशाचा कारागीर सापडला तर मलाही सांगा. चाप जड आहे. खांद्याला झटका चांगलाच बसतो, आणि झटक्याच्या भीतीने माणूस गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटतो. हे शौर्याचं काम नाही, सवयीचं आहे.

आणि सवयीचीच तर खरी बोंब आहे. सराव करायचा कुठे? शेतात उभं राहून डबे उडवणं बेकायदा आहे आणि ते बेकायदा असावं हेच बरोबर आहे. मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी सामान्य परवानाधारकाला जाता येईल अशी रेंज माझ्या वस्तीपासून सायकलच्या काय, मोटारसायकलच्याही टप्प्यात नाही. गंमत अशी की नगर हा लष्करी जिल्हा. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे, के. के. रेंजवर तोफा धडाडतात तेव्हा आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात. बारुदाचा आवाज आम्हाला लहानपणापासून ओळखीचा. पण परवानाधारक शेतकऱ्याला कागदावर गोळ्या मारून हात बसवायला जागा नाही. काडतुसं मोजून मिळतात, महाग मिळतात आणि दुकानदाराकडे असली तर मिळतात. याचा परिणाम काय? माझ्या माहितीतले बहुतेक रायफलमालक वर्षाला पाचसुद्धा गोळ्या झाडत नाहीत. दसऱ्याला हार घालतात, पुसून परत कपाटात ठेवतात. वर्षभर बॅट न धरलेल्या माणसाला एकदम रात्री बुमराहसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, मार सिक्सर. फरक एवढाच की इथे चुकलेला चेंडू सेकंदाला सहाशे मीटरहून अधिक वेगाने कुणाच्या तरी वस्तीकडे जातो.

हा वेग नीट समजून घ्या. ३१५ ची गोळी जाड आणि जड, पंधरा-सोळा ग्रॅमची. ती काळवीट, रानडुक्कर यांच्यासारखी जनावरं उघड्यावर, दिवसा, शंभर पावलांवरून पाडण्यासाठी. उसाचं पाचट तिला अडवत नाही. पत्र्याची भिंत अडवत नाही. बिबट्याला लागली नाही, किंवा लागून आरपार गेली, तर किलोमीटरभर पलीकडेही ती माणूस मारू शकते. आता या गोळीच्या पुढे काय आहे ते बघू. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे. आणि त्याच शेतीच्या पट्ट्यात माणसं? चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. म्हणजे पाच बिबट्यांच्या आसपास तीस हजार माणसं. अंधारात, उसात, घाबरलेल्या हाताने झाडलेली गोळी या दोघांपैकी कुणाला लागण्याची शक्यता जास्त, हे काढायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

'अमेरिकेत प्रत्येक शेतकऱ्याकडे रायफल असते' असं आमच्या कट्ट्यावर एक जण नेहमी ऐकवतो. असते. तिथल्या मोंटाना राज्यात चौरस किलोमीटरला तीन माणसं राहतात. आमच्या वस्तीवर एका वेळी पंगतीला त्याहून जास्त बसतात.

या रायफलीचा जन्मही मोठा बोधप्रद आहे. ३१५ हा विचित्र आकडा का? ब्रिटिश फौजेची काडतुसं ३०३ ची. ती चोरीला जाऊन हिंदी लोकांच्या बंदुकांत जाऊ नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने फौजी बोअर इथल्या नागरिकांना बंद केलं. मग बर्मिंगहॅमच्या कारखानदारांनी तीच ली जातीची यंत्रणा घेतली, तिला ऑस्ट्रियन मॅनलिकर घराण्याचं ८ मिलिमीटरचं काडतूस जोडलं आणि हिंदुस्थानच्या बाजारात पाठवली. फौजेचं काडतूस तिच्यात बसत नाही, हाच तिचा मुख्य गुण. म्हणजे ही रायफल जन्मली ती शिकाऱ्याच्या गरजेतून कमी आणि राज्यकर्त्याच्या भीतीतून जास्त. स्वातंत्र्य आलं, १९५९ चा शस्त्र कायदा आला, इशापूरला तीच रायफल बनू लागली आणि ३०३ नागरिकांना बंदच राहिलं. भीतीचा वारसा आपण जसाच्या तसा उचलला. यावर मी तावातावाने भांडू शकतो, आणि भांडतोही: १८७८ च्या लिटनच्या कायद्यापासून या देशात बंदूक हा सरकारच्या मर्जीचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा मामला राहिलाय. ती ज्याच्याकडे असते तो 'मोठा' असतो. म्हणूनच परवान्याची मागणी ही दरवेळी बिबट्याबद्दलच असते असं मानू नका.

माझं स्वतःचं वारसाचं प्रकरण एका कार्यालयात दीड वर्ष पडून होतं. मी नियमाप्रमाणे सगळे कागद दिले होते. एके दिवशी तिथल्या एकाने मला समजुतीच्या सुरात विचारलं, ''साहेब, कुणाचं पत्र-बित्र आणलंय का?'' पत्र म्हणजे अर्थातच पुढाऱ्याचं. मी आणलं नाही, म्हणून दीड वर्ष लागलं. त्या काळात त्याच टेबलावरून ज्यांची पत्रं होती त्यांचे अर्ज भराभर हलताना मी पाहिले, आणि त्यातल्या एकाच्याही शेतात ऊस नव्हता, प्लॉटिंग होतं. 'गावोगावी परवाने द्या' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. परवाने मोकळे झाले तर पहिले शंभर कुणाला मिळतील? रात्री दारं धरायला जाणाऱ्या गड्याला? उसतोडीच्या कोपीत झोपणाऱ्या बाईला? शेजारच्या बीड जिल्ह्याकडे बघा. तिथे मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर जिल्ह्यात परवाने किती आणि कुणाकडे, याची झाडाझडती प्रशासनाला घ्यावी लागली. ते परवाने काही बिबट्यासाठी काढलेले नव्हते, आणि कंबरेला पिस्तूल लावून रील काढणाऱ्यांच्या गावात बिबट्या कमी झाल्याचंही मी ऐकलेलं नाही.

आणि कायदा? बोलणाऱ्यांपैकी शंभरातल्या एकानेही तो वाचलेला नसतो. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीक संरक्षणासाठी परवान्याची तरतूद आजही आहे. कशाच्या परवान्याची? ठासणीच्या बंदुकीची. दारू ठासायची, छर्रे भरायचे, एक बार काढायचा, परत ठासायची. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. रायफलचं नाव त्यात नाही, आणि ते नसण्यामागे शहाणपण आहे: छर्रे थोड्या अंतरावर दम सोडतात, रायफलची गोळी सोडत नाही. तेव्हा 'शेतकऱ्याला रायफल' ही मागणी मान्य करायची तर कायदा बदलावा लागेल. बदलला तरी बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेच. हातात परवाना म्हणजे मारायची मुभा, असा जो समज करून दिला जातो, तो सरळ फसवणूक आहे. त्यात अडकेल तो शेतकरी, भाषण करणारा नव्हे.

गंमत म्हणजे जी मुभा खरोखर आहे तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याच वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालंय अशी खात्री पटली तर राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक कारणं नमूद करून त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने, जनावर मेलं तर तो गुन्हा नाही. म्हणजे अंगावर आलेल्या बिबट्याला कोयत्याने, कुऱ्हाडीने मारणाऱ्या माणसाला कायदा आजही फासावर देत नाही. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून लावा. बँकेच्या कर्जाच्या जाहिराती रंगवता, तिथे थोडी जागा करा.

मी बिबट्या मारण्याच्या विरोधात आहे असा अर्थ कुणी काढू नये. २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्यात तीन लहान लेकरं गेली. त्याच हिवाळ्यात शेजारच्या करमाळ्यात माणसं मारणाऱ्या बिबट्याला डिसेंबरात गोळी घालावी लागली. २०२५ मध्ये शिरूरच्या पिंपरखेडला तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं. लोकांनी रस्ता अडवला, गाड्या जाळल्या. ज्या बिबट्याने माणूस हेच भक्ष्य ठरवलंय त्याला मारलाच पाहिजे, आणि लवकर मारला पाहिजे. शहरातले काही प्राणिप्रेमी अशा वेळी 'बिचाऱ्याच्या घरात आपण घुसलो' असं लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं. कुणाच्या घरात कोण घुसलं? राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरचा ऊस हे काय आदिम जंगल आहे? इथे पाट आले, प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, माळरानाचा हिरवा समुद्र झाला, आणि त्या समुद्रात बिबट्या राहायला आला. तो आमच्याकडे आलाय. उसात जन्मलेल्या बिबट्याच्या पिल्लाने सह्याद्री पाहिलेलाही नसतो. ज्यांच्या सोसायटीला सिक्युरिटी गार्ड आहे त्यांनी सहजीवनाचे धडे जरा हळू आवाजात द्यावेत.

पण पिंपरखेडला मारला तो कसा, हेही बघा. थर्मल ड्रोन फिरवून शोधला, आधी बेशुद्धीचा डार्ट मारून पाहिला, तो चुकला, बिबट्या उलटला, आणि मग सज्ज असलेल्या नेमबाजांनी गोळ्या घातल्या. ड्रोन, डार्टवाला डॉक्टर, सराव असलेले नेमबाज, लेखी आदेश, बाजूला ठेवलेला जमाव. हे एका माणसाचं, एका रायफलीचं काम नाही. कॉर्बेटसारख्या कॉर्बेटलाही रुद्रप्रयागच्या बिबट्याने महिनोन्‌महिने झुलवलं होतं, आणि तो आयुष्यभर जंगलात वाढलेला माणूस होता. माझ्यासारखा स्टँडअप मीटिंग संपवून गच्चीवर आलेला नव्हे. रायफलीने जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. सकाळी त्या फडात कोयता घेऊन कोण उतरणार आहे? गोळी झाडणारा नाही उतरणार. तोडणी कामगार उतरणार.

आणि कुठला बिबट्या मारणार? रात्री दिसला तो? दोषी तोच कशावरून? अकोल्यातले बिबटे काय खातात याचाही अभ्यास झालाय. त्यांच्या खाण्यातला बहुतांश वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा, आणि त्यातही सगळ्यात मोठा कुत्र्यांचा: वजनाने ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के, खरं तर त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट. कारण शेळी संध्याकाळी आत बांधली जाते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं असतं. हे वाचल्यावर मला वस्तीचा उकिरडा वेगळाच दिसायला लागला. आमचे वनमंत्री गणेश नाईक यांनी मात्र बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली. जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून नागपूरच्या अधिवेशनात आले. लक्ष वेधलं गेलं, मान्य. पण उकिरडे आणि मोकाट कुत्री या विषयावर पोशाख कसला घालणार? त्यामुळे तो विषय राहिला.

पिंजऱ्याचंही तसंच. बिबट्या दिसला की पिंजरा लावा, आणि पकडलेला लांब नेऊन सोडा. जुन्नर भागात हा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर झाला, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरापर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, घाबरलेला, घराकडे निघालेला बिबट्या जास्त धोकादायक. किती चालतो तो? पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या २००९ साली कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. तो चालत चालत रेल्वे, महामार्ग ओलांडून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचला. त्याच्यावर 'आजोबा' हा सिनेमा निघाला. त्याने वाटेत माणसाला हात लावला नाही. दुसरा लावेल. याचा अर्थ असा की पिंजरा लावून गावाचं समाधान करणं आणि रायफलीचे परवाने वाटून गावाचं समाधान करणं, ही एकाच जातीची कामं आहेत. त्यातून फोटो निघतो.

मग करायचं काय, हे विचारणाऱ्याला माझं उत्तर कंटाळवाणं वाटेल. हल्ला कुणावर होतो ते बघा. अंधारात घराबाहेर खेळणारं किंवा परसाकडे गेलेलं लहान मूल. वाकून खुरपणी करणारी, चारा कापणारी बाई. कोपीच्या दारात झोपलेलं तोडणी कामगाराचं लेकरू. रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस. यातल्या कुणाच्याही खांद्याला रायफल नसते आणि असू शकत नाही. वाकून विळा चालवणाऱ्या बाईने साडेतीन किलोचं लाकूड-लोखंड कुठे टांगायचं? बिबट्या मागून येतो, एका झेपेत काम उरकतो. बोल्ट ओढायला तो थांबत नाही.

या चौघांना काय लागतं? दिवसा वीज. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असते म्हणून माणूस बाराला मळ्यात जातो, हौस म्हणून नाही. सौर वाहिनीची योजना ज्या फीडरवर पूर्ण झाली तिथे दिवसा मोटार चालते. ती ऊसपट्ट्यात, बिबट्याच्या पट्ट्यात आधी का नको? बंदिस्त गोठा, त्याला पत्रा आणि जाळी. वस्तीला संडास, आणि संडासापर्यंत दिवा. कारखाने टोळ्या आणतात, मुकादमाला उचल देतात, टनामागे सगळा हिशेब करतात. त्यात कोप्यांभोवती जाळीचं कुंपण आणि रात्रीचा उजेड बसत नाही? गावागावात कारखान्यांचे संचालक आहेत. बंदुकीच्या परवान्यासाठी पत्र द्यायला ते लगेच पेन काढतात. कुंपणासाठी पत्र मागून बघा.

माणूस गेल्यावर सरकार पंचवीस लाख देतं. एका मृत्यूच्या भरपाईत किती कोप्यांना कुंपण होईल हे मी एक्सेलमध्ये मांडून आमच्या भागातल्या दोन संचालकांना पाठवलं होतं. एकाने अंगठा पाठवला. दुसऱ्याने विचारलं, ''तुमच्याकडे ती जुनी ३१५ आहे ना? विकणार असाल तर सांगा.''

विकणार नाही. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की ती जमा करण्याची नोटीस येते, मी पावती घेऊन देऊन येतो आणि निकालानंतर परत आणतो. तिची नळी पुसतो, बोल्ट काढून तेल देतो. आजोबांनी तिने शेवटचं काळवीट मारलं ते वन्यजीव कायदा येण्याच्या आधल्या वर्षी, असं घरात सांगतात. आता ती काळविटं बघायची तर कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावं लागतं, दोन चौरस किलोमीटरच्या अभयारण्यात. त्या रायफलीने बिबट्यापासून आमचं रक्षण केल्याचा एकही प्रसंग पन्नास-साठ वर्षांत घडलेला नाही, आणि या काळात बिबट्या आमच्या उसात नांदायला लागला तेव्हाही ती कपाटातच होती.

या आठवड्यात आमच्या फीडरची पाळी पुन्हा रात्रीची आहे, दहा ते सहा. शेजारचे आबा आणि त्यांचा मुलगा दोघं मिळून जातात, एक दारं धरतो, एक बॅटरी घेऊन बांधावर उभा राहून मोबाईलवर मोठ्याने भजन लावतो. मी कधी सोबत गेलो तर काठी, बॅटरी आणि एक रिकामा डबा वाजवायला नेतो. आबांनी एकदा विचारलं, ''अरे, तुझी ती का नाही आणत?'' मी म्हटलं, ''आबा, तुम्ही माझ्या पुढं चालता ना, म्हणून.''